पाणी जायची वाट

मृग तोंडावर आला तरी यंदा मी मोरीचा नळ उघडलेला नाही. शेजारची कमळाक्का रोज सकाळी मागच्या परड्याच्या दगडी गडग्यावरून मान वर काढते आणि विचारते, "उघडलीस काय गं?" मी म्हणते, "बघू." ती म्हणते, "बघून काय हुतंय? पाणी काय तुझं तोंड बघून थांबणार हाय?" मग ती आपल्या कामाला जाते आणि मी बसून राहते. नुसतं बसून राहायला मला पूर्वी जमत नसे. माघात आत्ती गेली, तेव्हापासून आपोआप जमायला लागलं आहे. आत्ती म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्तीच म्हणतात.

नळ म्हटलं की हल्लीच्या पोरींच्या डोळ्यांपुढे पितळेची तोटी येते. टिळकवाडीतल्या बंगल्यांत तोटी फिरवली की घरात पाणी येतं म्हणे, आणि आमच्या शहापुरातल्या बायका ते ऐकून तोंडाला पदर लावतात. पाणी येण्याचं कौतुक सगळ्यांना आहे. आलेलं पाणी जाणार कुठून, हे कोणी विचारत नाही. मी सांगते आहे तो नळ पाणी घालवायचा. भाजलेल्या मातीचा, खापरीचा, जमिनीखालून गेलेला, आणि वर्षातून एकदाच तोंड दाखवणारा.

आमच्या विणकर आळीतली घरं अरुंद आणि लांबच लांब. पुढे रस्ता, मग सोपा, मग मागाची खोली, मग चूल, न्हाणी, आणि शेवटी परडं. परडं उंचावर, रस्ता सखल, आणि दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती. त्यामुळे न्हाणीतलं पाणी आणि पावसाळ्यात मागच्या छपरावरून उतरणारं सगळं पाणी रस्त्यावर जायचं तर घराच्या पोटातूनच जायला हवं. घर बांधणाऱ्या कोणा आजा-पणजानं खापरीचे तुकडे एकात एक घालून ही वाट काढून ठेवली. ती न्हाणीतून निघते, मागाच्या खड्ड्याला खेटून जाते आणि उंबऱ्याखालून गटाराला मिळते. एवढी मोठी जमीन सोडून नेमकी खड्ड्याला खेटून का नेली, ते त्या पणजाला विचारायला पाहिजे होतं.

खड्ड्याचंही सांगते. आमचा विणकर जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसतो. जमिनीच्या ओलीनं सूत मऊ राहतं, सारखं तुटत नाही. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला तर माणसं त्यात मुद्दाम पाणी शिंपडतात. पण ओल निराळी आणि पाणी निराळं. खड्ड्यात पाणी साचलं की मागाची लाकडं फुगतात, पायाखालच्या पावड्या अडकतात, कापडाला बुरशीचे ठिपके येतात, आणि खड्ड्याच्या कडेची मातीची भिंत खालून भिजली की कधी बसेल ते सांगता येत नाही. आळीत दर पावसाळ्यात एखादी भिंत बसतेच. मग माणसं जमतात, "गेल्या वर्षीच म्हटलं हुतं" असं म्हणतात आणि पांगतात.

म्हणून वैशाखात आळीभर एकच काम चाले. कौलं परतायची, पन्हळीतला पाला आणि चिमण्यांची घरटी काढायची, पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या झडी बांधायच्या, आणि नळ उघडायचा. दारोदार चुन्याचे हंडे खदखदत असायचे. त्या वासानं अजूनही माझ्या नाकाच्या शेंड्याला खाज सुटते. मागाच्या खोलीत, खड्ड्याच्या बाजूला, एक दगडी फरशी सुटी ठेवलेली असते. ती पहारीनं उचलायची, खालच्या नळाचं झाकण काढायचं आणि दोन्ही अंगांनी बांबूला चिंध्या बांधून नळ घासायचा. सांधे उकरायचे, त्यांत काथ्या ठासायचा आणि गुळाच्या पाण्यात कालवलेला चुना वरून लिंपायचा. मग न्हाणीतून घागर ओतून बघायचं.

हे काम आमच्या घरी आमचे हे करायचे. मी लग्न होऊन आले त्या वर्षी मला तो एक खेळच वाटला होता. हे फरशीच्या भोकाशी पालथे पडून नळाला कान लावायचे आणि आत्ती न्हाणीतून घागर उपडी करून ओरडायची, "आलं काय रं, परसू?" हे बोटानं मला गप्प राहायची खूण करायचे. मग पाणी खळखळत जवळ येई, ह्यांच्या कानाखालून पुढे जाई, आणि हे "गेलं गं आये, गेलं!" म्हणून असे ओरडायचे की वाटावं, कृष्णेचा पूरच उतरला. चुन्यानं पांढरा झालेला गाल घेऊन दिवसभर तसेच हिंडायचे. आत्ती म्हणायची, "त्वांड धू की रं, बायको हसालीय." मी हसत होते, हे खरं आहे.

असे थोडेच वैशाख मिळाले. पुढच्या एका चैत्रात हे तापानं गेले.

त्या पावसाळ्याबद्दल मला लिहायचं आहे, आणि अडचण अशी की त्या दिवसांतलं मला सगळं आठवतं, फक्त वाटलेलं काही आठवत नाही. वाटलंच नव्हतं. नवरा गेल्यावर बायको ऊर बडवून रडते, हे मी पाहिलेलं होतं. मला जांभया यायच्या. बायका गळ्यात पडून रडत असायच्या आणि मला त्यांच्या खांद्यावरून एकामागून एक जांभया यायच्या. त्या लपवायला मी पदर तोंडावर धरायची, आणि बायकांना वाटायचं मी हुंदका गिळते आहे. जेवायला वाढलं की जेवायची. निजायला सांगितलं की निजायची. एकदा चुलीतलं लाकूड सारताना बोट भाजलं, ते दुसऱ्या कोणीतरी दाखवल्यावर कळलं.

आत्तीचंही तेच, पण तिच्या तऱ्हेनं. ती थांबत नव्हती. घासलेली भांडी परत घासायची, झाडलेलं परत झाडायची. एकुलता एक मुलगा गेलेली बाई, पण डोळ्यांत टिपूस नाही. आळीतल्या बायकांनी तिला पाषाण म्हटलं आणि मला बिचारी म्हटलं. दोघी सारख्याच होतो, पण जांभई लपवता येते आणि झाडू लपवता येत नाही.

दिवस झाल्यावर निपाणीहून आलेला माझा थोरला भाऊ, अण्णा, मला न्यायला निघाला. अण्णा तंबाखूच्या वखारीत कामाला. त्याच्या अंगाला बारा महिने तंबाखूचा वास, आणि बोलणं वजनकाट्यावर ठेवल्यासारखं. तो आत्तीला म्हणाला, "मावशी, हिला घिऊन जातो. तुमीबी कुणा पाव्हण्याकडं जावा. बिनगड्याचं घर शापूरचा पावसाळा सोसत न्हाय." आत्ती सुपातलं धान्य पाखडत होती. ती म्हणाली, "मागावर लुगडं हाय त्येचं. अर्धं झालंय. त्येवढं हूं दे."

ह्यांनी अर्धं विणलेलं ते लुगडं मागावर तसंच ताणलेलं होतं. ताणा, म्हणजे ताणलेलं उभं सूत, मागावर असताना मध्येच कापणं आमच्यात बरं मानत नाहीत, आणि गेलेल्या माणसाच्या हातचं तर नाहीच. अण्णालाही ते कळत होतं. तो विणकराच्याच घरातला. तो म्हणाला, "बरं. आर्द्रा लागली की येतो. तवर घर कोरडं राह्यलं तर बघू. खड्ड्यात पाणी आलं तर मात्र काय ऐकणार न्हाय, हिला त्याच पावली नेणार." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला काय वाटतंय गं सुंदरा?" मला काही वाटत नव्हतं. मी म्हटलं, "तू म्हणशील तसं."

आत्तीचे पाखडणारे हात क्षणभर थांबले. मी गेले तर ती त्या लांबलचक घरात एकटी उरणार होती, आणि हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पण "राहा" असं ती म्हणाली नाही. पुढेही कधी म्हणाली नाही.

त्यानंतरचा वैशाख म्हणजे नुसतं ऊन. आळीत चुना खदखदत होता, कौलं परतायला माणसं चढली होती, आणि आमच्या घरी आत्ती ह्यांच्या मागावर बसली होती. आमच्या आळीत बायका धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरतात, सूत उकलतात, मागावर सहसा बसत नाहीत. ती बसली. हात बदलला की कापडावर कळतं. ह्यांचा ठोका घट्ट होता, तिचा सैल. ह्यांचं कापड जिथं संपलं आणि तिचं जिथं सुरू झालं तिथं उजेडाला धरलं तर स्पष्ट रेघ दिसायची. ती रोज सकाळी बसण्यापूर्वी त्या रेघेवरून बोट फिरवायची. मी बाजूला बसून कांड्या भरायची. नळ उघडायचा असतो, हे आम्हा दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. ज्याचं काम होतं तो करील, असं कुठेतरी गृहीत धरलेलं असावं.

मृग भुरभुरत गेला. आर्द्रा लागली आणि आभाळ फाटलं. शहापूरचा पाऊस ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. तो पडत नाही, राहायला येतो. मागच्या छपराचं पाणी पन्हळीतून परड्यात आणि परड्यातून न्हाणीत उतरू लागलं. पहिल्यांदा न्हाणी भरली. मग एका सकाळी आत्ती मागावर बसायला गेली आणि खड्ड्यात पाय सोडताच तिनं तो वर घेतला. घोट्यापर्यंत ओला होता. ती मला म्हणाली, "सुंदरे, तांब्या आण गं."

आम्ही उपसायला लागलो. तांब्यानं, मग घागरीनं. ती खड्ड्यात, मी काठावर. उपसलेलं पाणी पुढच्या दारातून रस्त्यावर फेकायचं, तोवर खाली तेवढंच यायचं. पाणी लोंढ्यानं येत नव्हतं. नळाच्या बाजूच्या भिंतीतून पाझरत होतं, आणि भिंतीची माती हाताला शिऱ्यासारखी लागत होती. लुगड्याला पाणी लागू नये म्हणून आत्तीनं स्वतःचं दुसरं लुगडं फाडून कापडाखाली बांधलं. मधेच ती म्हणाली, "अण्णा यायच्या आत आटवाय पायजे." घर पडेल ह्याची तिला भीती होती की मी जाईन ह्याची, ते मला त्या वेळी ओळखता आलं नाही. मी फक्त घागर धरत होते.

आणि अण्णा त्याच दुपारी आला. मोटारीनं आलेला, डोक्यावर पोतं घेतलेला, दारात उभा. खड्ड्यात कमरेत वाकलेली म्हातारी आणि चिखलानं भरलेली बहीण त्यानं पाहिली. पोतं बाजूला टाकून त्यानं विचारलं, "नळ कवा उघडलायसा?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यानं कपाळाला हात लावला आणि पहार मागितली.

फरशी निघाली. नळात पाणी तुडुंब उभं. अण्णानं बांबू घातला तो हातभर गेला आणि अडला. पुढून घातला, तिकडूनही अडला. शेवटी एक खापरी तुकडा फोडावा लागला. तो फोडताच आतून करड्या रंगाचा, चिवट, घट्ट गोळा बाहेर आला, त्याच्यामागून पाणी भसकन निघालं, आणि सगळ्या खोलीत आंबूस वास पसरला. तो वास आळीतलं शेंबडं पोरही ओळखेल. ती खळ होती.

सुताला कडकपणा यावा म्हणून पिठाची खळ शिजवतात. विणकराच्या घरात तीच एक गोष्ट मोरीत टाकत नाहीत. उरली तर म्हशीला घालतात, उकिरड्यावर नेतात, पण मोरीत नाही, कारण सुताच्या भुग्याबरोबर ती नळात बसली की उन्हाळ्यात तिचा दगड होतो. मी सून होऊन आले त्या दिवशी आत्तीनं मला पहिली शिकवण दिली ती हीच. आता एवढा मोठा गोळा नळात. रोजच्या आंघोळीचं पाणी कडेकडेनं जात राहिलं म्हणून कोणाला कळलं नव्हतं.

अण्णा तो गोळा हातात धरून म्हणाला, "विणकराच्या घरात मोरीत खळ? कुणी वतली?"

त्याला दिवसांच्या वेळी येऊन गेलेल्या एखाद्या बाईचं नाव सांगितलं असतं तरी चाललं असतं. घर भरलेलं होतं, कोणीही ओतली असेल. आत्ती खड्ड्यातून वर बघत म्हणाली, "मी."

मग म्हणाली, "त्येनं शिजवून ठेवल्याली. ताप चढला तवा ताण्याला लावायची राह्यली. त्यो गेल्यावर भांडं समोर हुतं. काय करावं कळंना. वतली."

पाऊस पडत होता. अण्णानं गोळा खाली ठेवला, अगदी हळू ठेवला. मग तो मला चुलीपाशी घेऊन गेला आणि दबक्या आवाजात, पण तिला ऐकू जाईल असं बोलला. "बघितलंस? म्हातारी ठिकाणावर न्हाय. आज नळ, उद्या चूल. हितं काय म्हणून राहणार तू? कापडं बांध." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. खड्ड्यातून तांब्याचा आवाज येत होता. आता उपसायचं कारण नव्हतं, तरी ती उपसत होती. मी जाते की राहते, एवढाच प्रश्न होता, आणि सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी आत शोधलं. दुःख नाही, माया नाही, भीतीही नाही. फक्त फुटलेला तुकडा दिसत होता.

मी म्हटलं, "नवा तुकडा आणाय लागंल अण्णा, कुंभाराकडनं. आधी नळ तर बसूं दे."

झालं ते एवढंच. ह्या पावसात कुंभाराच्या भट्टीतून तुकडा मिळेपर्यंत अण्णाला थांबता येईना. तो म्हणाला, "बसीव नळ. मग येतो." तुकडा आला तर चुना वाळेना. चुना वाळला तर श्रावण लागला, आणि श्रावणात लेकीला असं उठवून नेऊ नये म्हणून निपाणीहून आईचाच निरोप आला. मग लुगडं पुरं झालं, मग नवा ताणा चढला. आळीत म्हणतात, सुंदरानं नवऱ्याच्या घराला जन्म वाहिला. ऐकायला छान वाटतं. मी काही वाहिलं नाही. राहायचं की जायचं, हे मी ठरवलंच नाही. नळानं ठरवलं, आणि मी त्याच्या मागून गेले.

नवा तुकडा बसला त्या दुपारी आत्ती चुन्याचे हात धूत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू त्या दिवशी गेली असतीस तर मी न्हाय नळ बशिवला असता. यिऊ दिलं असतं पाणी." मी तिला टॉवेल दिला. तिनं हात पुसले.

नंतर दर वैशाखात नळ आम्ही दोघींनी उघडला. ती न्हाणीतून घागर ओतायची, मी कान लावायची. "गेलं" म्हणून मी ओरडत नसे. नुसती मान हलवायची. ह्यांच्यासाठी रडायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. आधी वाटायचं, येईल केव्हातरी. मग वाटणंही बंद झालं. बधिरपणाला लोक वाईट म्हणतात. पण संसार त्याच्यावर उत्तम चालतो. कांड्या वेळेवर भरतात, चूल वेळेवर पेटते, भांडण होत नाही. लढाई आली, सुतावर कंट्रोल आला, आळीतले निम्मे माग गप्प झाले, प्रभातफेऱ्या निघाल्या, गावातली पोरं तुरुंगात जाऊन आली. आमच्या खोलीत एक माग ठकठक करत राहिला. आधी तिच्या हातानं, मग माझ्या.

माघात आत्ती गेली तेव्हा मला पुन्हा जांभया आल्या. आणि अण्णाचा पुन्हा निरोप आला. आता तोही म्हातारा झाला आहे, पण शब्द तेच: पावसाच्या आत निघ, बिनमाणसाचं घर पावसाळा सोसत नाही, मृगाला न्यायला येतो. मी "बरं" म्हणूनही कळवलं नाही आणि "नाही" म्हणूनही कळवलं नाही. वैशाख आला. आळीत चुन्याचा वास सुटला. मी बसून राहिले. आत्तीचं ते "यिऊ दिलं असतं पाणी" आता दिवसातून अनेकदा आठवायचं. तिनं मायेनं म्हटलं असेल अशी माझी इतके दिवस समजूत होती. आता कळत होतं, ती नुसतं खरं सांगत होती. माणूस नळ उघडतो तो दुसऱ्या कोणासाठी तरी. घरात दुसरं कोणी नसलं तर येऊ द्यावं पाणी. यंदाही पाण्यालाच ठरवू द्यावं, असं मी मनाशी धरलं होतं. भिंत बसली की अण्णाबरोबर मोटारीत जाऊन बसायचं. त्यात वाईटही वाटत नव्हतं.

आज सकाळी कमळाक्कानं गडग्यावरून मान काढली नाही. ती पहार घेऊन सरळ पुढच्या दारानं आत आली. मला म्हणाली, "ऊठ." मी म्हटलं, "कशाला गं, मी जाणार हाय निपाणीला." ती म्हणाली, "जा की, कोण धरलंय? तुझ्यासाठी न्हाय करालीय. भिंत दोघींची हाय. तुझा खड्डा भिजला की माझा माग बसतोय. तू जाशील मोटारीनं, मी कुठं जाऊ?" आणि माझी वाट न बघता तिनं फरशीच्या फटीत पहार घातली. आता शेजारीण घरात राबते आहे आणि आपण बसलो आहोत, हे मात्र मला जमेना. मी उठले.

फरशी निघाली. झाकण निघालं. मी चिंध्या बांधलेला बांबू आत घातला तो सरळ गेला. दुसऱ्या अंगानं घातला, तिकडेही सरळ गेला. बाहेर काढला तर चिंध्या ओल्या, पण पांढऱ्याच. कंदील जवळ नेऊन बघितलं. नळ लख्ख होता. सांधे सगळे नवे, चुना दाट लिंपलेला, आणि लिंपताना बोटं फिरवलेली जशीच्या तशी उमटलेली. वाकडी बोटं. शेवटच्या वर्षांत आत्तीची बोटं सांध्यातून वळली होती.

मी कमळाक्काकडे बघितलं. ती दुसरीकडे बघत म्हणाली, "तू भाऊबीजेला निपाणीला गेलतीस न्हवं, तवा. म्हातारीला उठाय येईना, तरी पालथी पडून स्वताच्या हातानं लिंपली. मी नुसती घागर वतली." मग म्हणाली, "लई बजावलं हुतं, मृगाच्या आत सांगू नगो म्हून. तिला म्हणं आपल्या हातानं उघडूं दे."

मला राग आला. आत्ती गेल्यापासून पहिल्यांदा मला काही वाटलं, आणि तो राग होता. मी त्या भोकाशी बसून मोठ्यानं म्हटलं, "मरायला टेकली हुतीस, कुणी सांगितलं हुतं पालथी पडायला? कुणी सांगितलं हुतं?" तिला आयुष्यात कधी उलटून बोलले नव्हते. बोलता बोलता आवाज फाटला आणि मी रडायला लागले. तिच्यासाठी रडत होते, आणि मधेच कधीतरी ह्यांच्यासाठी, त्या पांढऱ्या गालासाठी, इतक्या वर्षांचं सगळं एकदम. कमळाक्का पहारीला टेकून उभी राहिली.

आत्तीनं मला राहा म्हटलं नव्हतं, मरतानाही नाही. तिनं एवढंच केलं होतं की यंदा पाणी काही ठरवणार नाही. घर कोरडं राहणार. जायचं तर मला जायचं म्हणून जावं लागणार, आणि राहायचं तर राहायचं म्हणून.

माझं रडणं ओसरल्यावर कमळाक्का म्हणाली, "अण्णाला काय सांगतीस मग?"

मी डोळे पुसले. "राहते म्हणून सांगते," मी म्हटलं. हा शब्द मी इतक्या वर्षांत कधी उच्चारला नव्हता.

"व्हय," कमळाक्का म्हणाली, "मग धर ती फरशी तिकडनं. माझी चूल पेटायची हाय अजून."